चांदीचं नाणं फोटोत काळं पडतं किंवा पांढरंफटक येतं: दोष क्रमाने कसा शोधायचा

हातात धरल्यावर लखलखणारं नाणं फोटोत निस्तेज दिसतं, तेव्हा बहुतेक जण आधी कॅमेऱ्याला दोष देतात. पण कॅमेरा बदलूनही फोटो तसाच येतो, कारण बिघाड जवळजवळ नेहमी उजेडाच्या जागेत असतो. खालच्यातलं कोणतं लक्षण तुमच्या फोटोत आहे ते आधी ठरवा.

लक्षणं

- नाण्याच्या मधोमध काळा किंवा गडद गोल, कडेला मात्र उजेड.
- एक-दोन ठिकाणी पांढरे धब्बे, त्यात अक्षरं पुसली गेलेली, आणि शेजारचा भाग अंधारात.
- सगळं नाणं एकसारखं राखाडी, ॲल्युमिनियमच्या चकतीसारखं.
- पिवळट किंवा निळसर झाक, किंवा फक्त एका बाजूला भलताच रंग.
- डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक ओरखडे फोटोत ठळक.
- फोटोवर फिकट-गडद आडवे पट्टे.
- उठावाची नक्षी आत दबल्यासारखी वाटते.
- एक बाजू स्पष्ट, दुसरी धूसर.

पॉलिश केलेली चांदी दिसणाऱ्या प्रकाशापैकी ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकते, आणि ज्या कोनात तो येतो त्याच कोनात फेकते. म्हणजे सपाट, चकचकीत भागाला स्वतःचं असं रूपच नसतं. समोर जे असेल तेच त्यात दिसतं: दिवा असेल तर पांढरं, काळी लेन्स असेल तर काळं, तुमचा लाल शर्ट असेल तर लाल. प्रत्येक तपासणीत प्रश्न एकच विचारायचा, या नाण्याला लेन्सच्या बाजूला काय दिसतंय?

सगळ्यात आधी: डाग नक्की कुठे आहे?

याला खर्च शून्य आणि वेळ एक मिनिट. कॅमेरा स्टँडवर पक्का करा आणि एक फोटो घ्या. मग फक्त दिवा चार बोटं सरकवून दुसरा घ्या. डाग सरकला तर ते प्रतिबिंब आहे, पुढे वाचत राहा. डाग नाण्यावर त्याच जागी राहिला तर तिसऱ्या फोटोआधी नाणं पाव फेरी फिरवा. डाग नाण्याबरोबर फिरला तर तो धातूवर आहे, त्यावर उजेडाचा इलाज नाही (शेवटचा भाग पाहा). नाणं फिरलं तरी डाग चौकटीत आहे तिथेच राहिला, तर दोन शक्यता: मधोमध मोठा गडद गोल असेल तर ते लेन्सचंच प्रतिबिंब आहे (सहावी पायरी पाहा), बारीक ठिपका असेल तर लेन्सवर किंवा सेन्सरवर धूळ आहे. ही चाचणी सोडून जे थेट दिवे विकत घ्यायला जातात, त्यांचे पैसे हमखास वाया जातात.

१. खोलीतले नको असलेले दिवे

छतावरची ट्यूब, खिडकी, मॉनिटर सगळं बंद करा किंवा झाका. कॅमेऱ्याचा आणि फोनचा फ्लॅशही बंद. तो लेन्सला चिकटूनच असल्यामुळे सपाट भागावरून सरळ लेन्समध्ये परततो आणि धब्बा उमटवतो. काळा, निदान करडा शर्ट घाला. एका बाजूची गुलाबी किंवा निळी झाक बऱ्याचदा कपड्यांचीच असते, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात असलेली रंगाची जुळवणी) कितीही फिरवला तरी ती जात नाही, कारण ती फक्त अर्ध्या नाण्यावर असते.

खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र वापरू नका. दोन रंगांचे प्रकाश चांदीवर मिसळत नाहीत, प्रत्येक आपापल्या कोनातून वेगळा दिसतो.

२. एक्स्पोजर

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटभर उजळ चांदी असेल तर तो ती काळवंडवतो. अशा वेळी एक्स्पोजरला +१ पर्यंत भरपाई लागते, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ करायला सांगायचं. तेच नाणं काळ्या कापडावर लहानसं ठेवलं, तर मीटर काळ्याला करडं करायला जातो आणि नाणं जळून पांढरं होतं. म्हणून मॅन्युअल मोड वापरा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आणि शटर हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ दाखवणारा आलेख) पाहून. नक्षीचा सगळ्यात उजळ भाग उजव्या टोकाच्या जरासा अलीकडे थांबला पाहिजे. कडेच्या दातेरी खाचांवर चार-दोन ठिणग्या जळाल्या तर जळू द्या. त्या वाचवायला गेलात तर बाकीचं नाणं अंधारात जाईल.

फोनवर नाण्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. फार जवळ गेलं की बरेच फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि फोनचीच सावली नाण्यावर पडते. २एक्स किंवा ३एक्स लेन्स निवडून २०–२५ सेंमी लांब राहा. एचडीआर बंद करता येत असेल तर करा. तो उजळ-गडद फरक सपाट करतो, आणि चांदीची चमक त्या फरकातच असते.

३. रंग आणि पट्टे

नाण्याच्या जागी करडं कार्ड ठेवून त्याच दिव्यांत कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. नाण्यावरच क्लिक करून रंग शून्य करू नका. चांदी निळ्या टोकाला किंचित कमी प्रकाश परत फेकते, म्हणून ती अगदी थोडी उबदार असते. ती ऊब काढली की नाणं स्टीलचं वाटतं. टोनिंग, म्हणजे काळाबरोबर चढलेली रंगीत झाक, असलेल्या नाण्यावर ही चूक जास्तच महागात पडते. ते निळे-सोनेरी रंग पृष्ठभागावरच्या सिल्व्हर सल्फाइडच्या पातळ थरामुळे येतात आणि तेच बहुधा त्या नाण्याचं वैशिष्ट्य असतं.

आडवे पट्टे दिव्याच्या लुकलुकण्याचे असतात. ५० हर्ट्झच्या विजेवर साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा कमी-जास्त होतो. शटर अनुक्रमे १/५० किंवा १/२५, आणि १/६० किंवा १/३० ठेवा. पट्टे राहिलेच तर डिमर पूर्ण वर न्या. पुष्कळ एलईडी मंद करताना आणखी जोरात लुकलुकतात.

४. दिव्याची उंची आणि दिशा

नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी धरा, वर १२. मुख्य दिवा १० आणि २ च्या दरम्यान हवा. दिवा खालून, ६ च्या बाजूने आला की चेहरा आत खोदल्यासारखा दिसतो. प्रकाश वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो, म्हणून हा भास होतो. उलटा काढलेला फोटो नंतर फिरवून सरळ केला तरी हाच दोष येतो.

उंची जास्त महत्त्वाची. टेबलापासून ३० सेंमी वर आणि नाण्याच्या मध्यापासून ११ सेंमी बाजूला दिवा ठेवला, तर तो टेबलाशी साधारण ७० अंशांचा कोन करतो. इथून सुरुवात करा. दिवा ३०–४० अंशांवर आला की प्रत्येक केसाएवढा ओरखडा उजळून उठतो, कारण ओरखड्याची छोटीशी उतरण तो तिरका प्रकाश नेमका लेन्सकडे वळवते. ओरखडे लपवायचे नाहीत, पण नाणं आहे त्याहून खराबही दाखवायचं नाही. विक्रीसाठी फोटो असेल तर एक उंच दिव्याचा आणि एक तिरक्या दिव्याचा असे दोन्ही द्या.

नाणं २–३ सेंमी उंच बाटलीच्या बुचावर ठेवलं की सावली आणि पार्श्वभूमीचा पोत दोन्ही धूसर होतात. पार्श्वभूमी करडी किंवा काळी ठेवा. पांढऱ्या कागदावरचा उजेड लेन्समध्ये पसरून सगळं फिकट करतो.

५. प्रकाश किती मऊ करायचा

सगळं नाणं राखाडी दिसतंय? मग प्रकाश बहुधा जास्त मऊ, म्हणजे पसरट, झालाय. चकचकीत वस्तूंसाठी पांढरा तंबू वापरा, हा सल्ला दागिन्यांना ठीक असेल, नाण्यांना बहुतेकदा नाही. चारी बाजूंनी पांढरं असलं की नाणंही सगळीकडे पांढरं, आणि मधोमध लेन्सच्या भोकाचा काळा डाग.

किती मऊ, हे नाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं.

न वापरलेल्या पण साध्या छापाच्या नाण्यावर छापताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि सूक्ष्म रेषा उमटतात. नाणं हलवलं की चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे पट्टे फिरतात, ते या रेषांमुळे. ते पट्टे फोटोत हवे असतील तर दिवा लहान आणि बऱ्यापैकी उघडा हवा. एखादा दिवा १० वर, एखादा २ वर, डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) नाही किंवा ट्रेसिंग पेपरचा एकच थर.

प्रूफ नाण्याचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास छापलेल्या नाण्याचा, सपाट भाग आरसा, नक्षी दुधी. इथे डिफ्यूझर आपोआप प्रश्न सोडवत नाही, पुढची पायरी लागते.

वापरून झिजलेल्या नाण्याला झळाळी उरलेलीच नसते, म्हणून त्याचं काम सोपं. एक मऊ दिवा ५० अंशांच्या आसपास, समोरच्या बाजूला छोटं पांढरं कार्ड. झालं.

ट्रेसिंग पेपर दिव्याला चिकटवू नका. चिकटला की दिव्याएवढाच लहान उजेड राहतो. ५–८ सेंमी पुढे धरला तर कागद स्वतः मोठा दिवा बनतो. हॅलोजन बल्बपुढे कागद नको, पेट घेईल.

६. मधला काळा गोल

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा दोष हाच आहे, आणि त्याचं गणित समजलं की तो कायमचा जातो.

आरशात आपला चेहरा आरशाच्या काचेवर प्रत्यक्षापेक्षा निम्म्या आकाराचा उमटतो, आपण कितीही मागे गेलो तरी. नाण्यावरही तेच. लेन्सची नळी ६० मिमी रुंद असेल तर सपाट चांदीवर ३० मिमीचा काळा गोल पडणारच. ४० मिमीच्या नाण्यावर तो जवळजवळ सगळं व्यापतो आणि कडेला फक्त ५ मिमीची पट्टी उरते, जिच्यात छत दिसतं. कॅमेरा लांब नेल्याने गोल लहान होत नाही. उलट दिशेने बघितलं तर लेन्सच्या पातळीवर नाण्याला त्याच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८० मिमीचं वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळात काय आहे, तेवढंच ठरवायचं.

इथून दोन मार्ग निघतात.

पहिला, सपाट भाग पूर्ण काळा करणं. प्रूफ नाण्याला हा फार शोभतो. १२ सेंमी चौकोनी काळ्या मॅट कार्डाला लेन्सएवढं भोक पाडा आणि ते लेन्सवर चढवा. आता ८० मिमीच्या वर्तुळात काळ्याशिवाय काही नाही, म्हणून आरशासारखा भाग एकसंध काळा येतो. दिवे या कार्डाच्या बाहेर, ११ सेंमीवर. त्यांचा प्रकाश आरशावरून दुसरीकडे निघून जातो, पण दुधी नक्षी तो सगळीकडे विखुरते आणि उजळून उठते. काळ्यावर पांढरी नक्षी असा फोटो दोन साध्या दिव्यांत मिळतो.

दुसरा, सपाट भाग उजळ करणं. त्यासाठी नाणं तिरकं करून त्याची नजर लेन्सवरून बाजूला वळवायची. नाणं जितकं कलतं, त्याच्या दुप्पट प्रतिबिंब वळतं. ४० सेंमी अंतरावरून ५ अंश कल दिला तर नाण्याची नजर ७० मिमी सरकते आणि ८० मिमीचं वर्तुळ ६० मिमीच्या लेन्सच्या बाहेर पडतं. ४० मिमीच्या नाण्यासाठी ५ अंश म्हणजे एक कड ३.५ मिमी उचलणं, पुठ्ठ्याच्या दोन-तीन तुकड्यांचं काम. मग लेन्सच्या शेजारी, ज्या बाजूकडे नाणं आता बघतंय तिथे १० सेंमीपेक्षा मोठं पांढरं कार्ड लावा आणि त्या कार्डावर दिवा मारा. सपाट भाग त्या कार्डासारखा पांढरा होईल. कार्ड थोडं मागे-पुढे केलं की अर्धा उजळ, अर्धा गडद असा उतारही मिळतो. नक्षी उठून दिसायला तो पूर्ण पांढऱ्यापेक्षा चांगला.

अंतर २० सेंमी असेल तर हेच साधायला १० अंश लागतात, आणि ते वाईट. ५ अंशांत गोलाई अर्ध्या टक्क्याहून कमी चपटी होते, १० अंशांत दीड टक्का, जी डोळ्यांना कळते. तिरक्या नाण्याला एफ/११ वापरा, नाहीतर वरची किंवा खालची कड धूसर जाईल. एफ/१६ च्या पुढे मात्र विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच धूसर होतं.

७. एक बाजू धूसर

नाणं आणि सेन्सर समांतर नाहीत. पट्टी लावून मोजत बसू नका. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. मध्यावर आलं की कॅमेरा सरळ. तिरक्या पद्धतीतही आधी हे करा, मग नाणं उचला.

८. ४५ अंशांची काच

आरशासारखं नाणं अजिबात न कलवता उजळ हवं असेल, किंवा टोनिंगचे रंग पूर्ण दाखवायचे असतील, तर ही पद्धत. ते रंग थेट परतणाऱ्या प्रकाशातच भरून दिसतात. म्हणून तिरक्या दिव्यात तपकिरी वाटणारं नाणं इथे एकदम निळं-जांभळं होतं.

१ ते २ मिमी जाडीची, १० सेंमी चौकोनी स्वच्छ साधी काच घ्या. कडांना टेप लावा, नाहीतर बोट कापेल. लेन्स आणि नाणं यांच्या मध्ये, नाण्यापासून ३–५ सेंमी वर, ४५ अंशांत ती बसवा. थर्माकोलच्या दोन तुकड्यांना तिरकी खाच पाडली की स्टँड तयार. डावीकडून ट्रेसिंग पेपरमधून दिवा सोडा. काच त्यातला थोडा प्रकाश खाली नाण्यावर टाकते, नाणं तो सरळ वर परत पाठवतं आणि तो काचेतून लेन्समध्ये जातो.

यात दोन गोष्टी सुटल्या की फोटो फसतो. पहिली, दिव्याचा प्रकाश नाण्यावर थेट पडता कामा नये, म्हणून दिवा आणि नाणं यांच्यात, काचेच्या खालच्या कडेपर्यंत काळं कार्ड उभं करा. दुसरी, उजवीकडे, दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड हवंच. काचेतून आरपार गेलेला प्रकाश तिथल्या भिंतीवर पडतो, भिंत काचेत दिसते आणि सगळ्या फोटोवर धुकं येतं. काच बसवूनही फिकट फोटो येत असेल तर आधी हे कापड तपासा.

४५ अंशांवर साधी काच सुमारे १० टक्केच प्रकाश वळवते, आणि परतीच्या वाटेवर ९० टक्के आत सोडते. म्हणजे लेन्सपर्यंत जेमतेम ९ टक्के पोचतो, साडेतीन स्टॉपचं नुकसान (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). आधी १/६० चा शटर असेल तर आता १/५ लागेल. भक्कम स्टँड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच. आयएसओ वाढवू नका. काचेवरचा बोटाचा ठसा फोटोत हलका धब्बा म्हणून येतो, तेव्हा ती दर वेळी पुसा.

या प्रकाशात उठाव कमी भासतो. एक छोटा दिवा १० च्या दिशेने मंद लावून थोडी सावली परत आणता येते.

९. पोलरायझर

चकाकी कमी करणारा हा फिल्टर यासाठी विकत घेऊ नका. धातूवरून परतणारा प्रकाश काच-पाण्यासारखा एका दिशेने ध्रुवित होत नाही, त्यामुळे एकटा फिल्टर चमक काढत नाही. दिव्यावर आणि लेन्सवर दोन्हीकडे फिल्टर लावून आडवे-उभे केले तर चमक जाते, पण सगळीच, आणि नाणं शिशाच्या तुकड्यासारखं दिसतं.

डबीतली नाणी

सुटी उघडणारी कॅप्सूल असेल तर मऊ कापडावर, खाली धरून, फक्त कडेला स्पर्श करत नाणं बाहेर काढा. बाहेर असताना त्याच्यावर बोलू नका, थुंकीच्या सूक्ष्म थेंबांचे डाग काही दिवसांनी उठतात. प्रमाणित करून सीलबंद केलेला स्लॅब (प्लास्टिकची कडक डबी) मात्र उघडू नका. त्याचं प्लास्टिक नाण्याला समांतर असतं, म्हणून सहाव्या पायरीतलं काळं कार्ड त्याचीही चमक मारतं. काचेची पद्धत स्लॅबवर फिकी पडते, कारण प्लास्टिकचे पृष्ठभागही तोच प्रकाश सरळ लेन्सकडे पाठवतात.

इथे थांबा

पहिल्या चाचणीत डाग धातूवरच आहे असं कळलं, तर नाणं पुसू नका. टूथपेस्ट, सोडा, चांदीचं पॉलिश, मायक्रोफायबर कापड, काहीच नाही. एका पुसण्याने वाहत्या धातूच्या रेषा घासल्या जातात आणि झळाळी कायमची जाते. कुठलाही दिवा ती परत आणत नाही. हिरवट चिकट थर दिसला तर तो बहुधा पीव्हीसीच्या पाकिटाचा असतो आणि धातू खात राहतो. नाणं त्या पाकिटातून काढा आणि नाणी हाताळणाऱ्या संवर्धकाकडे न्या. दुधी ठिपके, काळे बिंदू यांचंही तेच.

सेन्सरवरची धूळ हवेच्या फुग्याने गेली तर ठीक. नाही गेली तर ओल्या सफाईसाठी सर्व्हिस सेंटर.

लिलाव, विमा किंवा अस्सलपणाचा वाद यासाठी फोटो लागत असेल आणि आठव्या पायरीनंतरही तो मनासारखा येत नसेल, तर नाण्यांचं काम केलेल्या छायाचित्रकाराकडे द्या. देताना नाण्याचा व्यास, पृष्ठभाग प्रूफ की साधा, सपाट भाग काळा हवा की उजळ, आणि नाणं कोणत्याही कारणाने स्वच्छ करायचं नाही, एवढं लिहून द्या. आधी एका कमी मोलाच्या नाण्याचा नमुना मागा, आणि त्यात मधला काळा गोल आहे का ते बघा.